जुनी पाटी, नवा धनी

एका धन्याच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत वस्तु जाणें ही संसारांतली नित्याची गोष्ट आहे. थोरल्या भावाचीं पुस्तकें धाकट्याला मिळतात, आजीचा पितळी डबा नातीच्या संसारांत जातो, आणि जुन्या तांब्यावर कोरलेलें पणजोबांचें नांव तो तांब्या मोडींत निघेपर्यंत घरच्या माणसांच्या नजरेसमोर राहतें. या देवघेवींत आजवर एक गोष्ट सर्वांनीं गृहीत धरलेली असे. वस्तु फार तर जुन्या धन्याचें नांव आणि त्याच्या वापराच्या खुणा बरोबर घेऊन जाईल. त्याचें खासगी बोलणें ती घेऊन जाणार नाहीं. गेल्या वीस वर्षांत मात्र घरोघर अशी एक वस्तु आली आहे कीं, ती दुसऱ्यास देतांना आपण नेमकें काय देत आहों याचा विचार करणें भाग पडतें. खिशांतला मोबाइल फोन किंवा मुलांच्या अभ्यासासाठीं घेतलेला टॅब्लेट ही ती वस्तु होय. तिच्या पोटांत घरचीं छायाचित्रें, बँकेचे व्यवहार, डॉक्टरांचे कागद, नवराबायकोचें बोलणें, आणि ज्यांची संमति आपण कधीं विचारली नाहीं अशा शेंकडों परिचितांचे पत्ते व निरोप, हें सारें एकत्र नांदत असतें.

जुना फोन नव्या धन्यासाठीं तयार कसा करावा, हा प्रश्न वरवर पाहतां दुकानदाराचा, किंवा घरांतल्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलावर सोंपवून मोकळें होण्याचा वाटतो. आम्हांस तो इतिहासाचा प्रश्न वाटतो. लिहिलेलें पुसतां येतें काय, आणि पुसलें असें आपणांस ज्या वेळीं वाटतें त्या वेळीं तें खरोखर पुसलें गेलेलें असतें काय, ही शंका मनुष्याला निदान दोन हजार वर्षें सतावीत आली आहे. तिचीं जीं उत्तरें त्या त्या काळीं लोकांनीं दिलीं तीं पाहिलीं म्हणजे आजच्या फोनांतील कामें कोणत्या क्रमानें करावयाचीं, आणि तो क्रम तसाच कां, हें उमगण्यास अडचण पडत नाहीं.

आरंभ रोमन लोकांपासून करूं. टॅब्लेट हा शब्दच मुळीं लॅटिन भाषेंतील 'ताबुला', म्हणजे फळी किंवा पाटी, या शब्दापासून निघालेलें लघुरूप आहे. रोमन मनुष्याची नित्याची पाटी म्हणजे लांकडाची पातळ फळी. तिचा मध्यभाग किंचित् खोल कोरून त्यांत मेणाचा थर भरीत. लिहावयाची धातूची लेखणी एका टोंकास अणकुचीदार आणि दुसऱ्या टोंकास चपटी असे. अणकुचीनें लिहावें, चपट्या बाजूनें मेण सारवून सपाट करावें, आणि पाटी पुन्हां वापरास घ्यावी. 'ताबुला रासा', म्हणजे घासून कोरी केलेली पाटी, हा शब्दप्रयोग पुढें तत्त्वज्ञांनीं बालकाच्या मनाला लाविला तो यावरूनच. ऋणपत्रें, हिशेब, मृत्युपत्रें, शाळकरी मुलांचे धडे असें सर्व कांहीं या मेणावर उमटत असे, आणि काम संपलें कीं पाटी दुसऱ्या कामाला लागत असे.

परंतु ज्याचा हात जड असे त्याच्या लेखणीचें टोंक मेणाचा थर भेदून खालच्या लांकडाला ओरखडा पाडी. मेण सारवलें तरी ओरखडा राही. लंडन शहरांत ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीच्या जागीं २०१० ते २०१३ या काळांत जें उत्खनन झालें, त्यांत अशा ४०५ पाट्या ओल्या मातींतून बाहेर आल्या. मेण केव्हांच नाहींसें झालें होतें. उरलें होतें तें लांकूड व त्यावरील ओरखडे. रॉजर टॉमलिन या विद्वानानें निरनिराळ्या दिशांनीं प्रकाश पाडून घेतलेल्या छायाचित्रांच्या साहाय्यानें ते वाचले, आणि २०१६ सालीं हें वाचन प्रसिद्ध झालें. त्यांतील एक लेख इ. स. ५७ च्या जानेवारीच्या ८ तारखेचा आहे. तिबुल्लुस नांवाचा एक दास्यमुक्त मनुष्य ग्रातुस नांवाच्या दुसऱ्या दास्यमुक्त मनुष्यास मालाच्या किमतीपोटीं १०५ दिनार देणें लागतो, अशी ती कबुली. पुन्हां पुन्हां वापरलेल्या पाट्यांवर तर एकावर एक असे अनेक लेखांचे ओरखडे सांपडतात. तिबुल्लुसाचें कर्ज जवळजवळ दोन हजार वर्षांनीं साऱ्या जगाला ठाऊक झालें. डोळ्याला दिसणारा थर एक आणि स्मरण ठेवणारा थर दुसरा, हा या पाटीचा धडा आहे. आमचें पुढील विवेचन त्याच्याच आधारानें चालणार आहे.

चर्मपत्राची कथा याहून विलक्षण आहे. चर्मपत्र महाग, म्हणून मध्ययुगीन युरोपांत नको असलेल्या पोथीची शाई धुऊन व खरवडून त्याच पानांवर नवा ग्रंथ लिहिण्याची चाल होती. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकांत केलेली एक प्रत अशीच १२२९ सालीं एका ख्रिस्ती लेखकूच्या हातीं आली. त्यानें तीं पानें पुसलीं, आडवीं फिरवून दुमडलीं, आणि त्यांवर प्रार्थनांचें पुस्तक लिहिलें. पुढें शतकानुशतकें तें प्रार्थनेच्या पुस्तकासारखेंच जगलें. १९०६ सालीं हायबर्ग या डॅनिश पंडितानें कॉन्स्टँटिनोपल येथें त्या प्रार्थनांच्या ओळींखालीं आर्किमिडीज ओळखला, आणि अन्यत्र कोठेंही न उरलेला त्याचा एक ग्रंथ जगाला परत मिळाला. १९९८ सालीं न्यूयॉर्क येथील लिलावांत ही पोथी २० लाख डॉलरांस विकली गेली. त्यानंतर विविध रंगांच्या प्रकाशांत तिचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं, आणि २००५ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड येथें तीव्र क्ष-किरणांनीं जुन्या शाईंतील लोखंडाचा माग काढून, हायबर्गलाही न दिसलेलीं अक्षरें वाचण्यांत आलीं. त्या लेखकूनें आपलें काम प्रामाणिकपणें केलें होतें. पुसणाराच्या काळीं जें वाचतां येत नव्हतें तें पुढच्या काळीं वाचतां आलें, एवढेंच.

आपल्याकडे या दोहोंहून निराळें साधन प्रचारांत होतें. 'धुळाक्षरें गिरविणें' हा वाक्प्रचार आपण आजही वापरतों. त्यांतली धूळ एके काळीं खरीच होती. संस्कृत ग्रंथकारांनीं गणितास 'पाटीगणित' म्हटलें तसेंच 'धूलिकर्म'ही म्हटलें, कारण फळीवर धूळ पसरून तिच्यावर बोटानें किंवा काडीनें आंकडे मांडण्याची रीति होती. हिंदुस्थानांतील शाळांत मुलें काळ्या पाटीवर पांढऱ्या द्रव्यानें लिहितात असें अल्बेरूनीनें अकराव्या शतकांत नमूद करून ठेविलें आहे. धुळीवर हात फिरविला कीं अंक गेला. त्याच्या खालीं ओरखडा नाहीं, शाईचा डाग नाहीं. पण या सोयीची किंमत असे. गणिताच्या मधल्या पायऱ्या पुसतच पुढें जावें लागे, म्हणून उत्तर चुकलें तर चूक कोठें झाली हें शोधण्यास कांहीं उरत नसे. दमास्कस येथें इ. स. ९५२-५३ च्या सुमारास अल्-उक्लीदिसी या गणितज्ञानें हिंदु अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला, त्यांत धुळीच्या फळीऐवजीं कागद व शाई वापरून, कांहीं न पुसतां हिशेब करण्याची रीति सांगितली. पुसलें जाणें हा गुण कीं दोष, हें पाटीच्या हेतूवर अवलंबून असतें, ही जाणीव इतकी जुनी आहे.

धुळीच्या नेमकें उलट टोंक म्हणजे ताम्रपट. राजानें दिलेलें दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालावें म्हणून तें तांब्यावर कोरीत. तरीही जुना पट ठोकून सपाट करून त्यावर नवें शासन कोरल्याचीं उदाहरणें पुराभिलेखांच्या अभ्यासकांस ठाऊक आहेत, आणि ठोकलेल्या अक्षरांचे अवशेष कित्येकदां वाचतांही येतात.

येथवर आम्ही मजकुराविषयीं बोललों. पण वस्तु हस्तांतरित होण्याचें आणखी एक अंग आहे. तें म्हणजे धनीपण. आपल्या जुन्या पत्रव्यवहारांत पत्राच्या शेवटीं मोर्तब होत असे. मर्यादेची ती मुद्रा उमटली म्हणजे त्यापुढें कोणी एक अक्षरही वाढवूं नये असा तिचा अर्थ. मुद्रा ज्याच्या हातीं त्याचा अधिकार. म्हणून अधिकारी गेला कीं त्याच्या मुद्रेची व्यवस्था लावणें हें राज्यकारभाराचें महत्त्वाचें काम असे. रोमच्या पोपच्या अंगठीचा प्रघात प्रसिद्ध आहे. पोप मरण पावला कीं त्याची मुद्रांकित अंगठी निरुपयोगी करून टाकतात. २०१३ सालीं सोळाव्या बेनेडिक्टनें पदत्याग केला तेव्हां ती फोडण्याऐवजीं तिच्यावर फुली कोरून ती निकामी करण्यांत आली. पोपचे कागदपत्र दफ्तरांत सुरक्षित राहतात. जातो तो त्याच्या नांवानें नवा कागद काढण्याचा अधिकार. मजकूर आणि अधिकार हीं दोन निराळीं आहेत, हें यावरून ध्यानांत यावें.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं दानाचें लक्षण करतांना हाच भेद मोठ्या बारकाईनें पाहिला आहे. त्यांच्या मतें दानाला दोन अंगें आहेत. दात्यानें आपलें स्वत्व निवृत्त करावयाचें आणि प्रतिग्रहीत्याचें स्वत्व उत्पन्न करावयाचें. नुसती वस्तु उचलून दुसऱ्याच्या हातीं ठेवल्यानें दान पुरें होत नाहीं. 'न मम', हें माझें नव्हे, असा उच्चार व्हावा लागतो. या विचाराचा उपयोग फोनाच्या बाबतींत किती नेमका आहे तें पुढें दिसेल.

आतां यंत्रांकडे वळूं. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें रॅमॅक नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० चुंबकीय चकत्या होत्या, आणि त्या सर्व मिळून सुमारें ५० लाख अक्षरें सांठवीत. तेथपासून आजपर्यंतच्या संगणकांत 'पुसणें' या क्रियेचा अर्थ साधारणतः एकच राहिला. ग्रंथालयांत पुस्तक कोणत्या फळीवर आहे हें सांगणारी एक चिठ्ठी खणांत असते. चिठ्ठी फाडून टाकली तर पुस्तक वाचकाला सांपडत नाहीं. पण तें फळीवरच असतें, आणि त्या जागीं दुसरें पुस्तक येईपर्यंत तेथेंच राहतें. संगणकांत एखादें पत्र पुसलें म्हणजे ही चिठ्ठी फाटते. ज्यास ओळीनें सर्व फळ्या चाळण्याची चिकाटी आहे त्याला पुस्तक मिळतेंच. रोमन पाटीचें मेण आणि लांकूड येथें नव्या रूपानें पुन्हां भेटलें.

ही भीति काल्पनिक नाहीं. अमेरिकेंतील एम्. आय. टी. या विद्यापीठांतील सिम्सन गार्फिंकेल व अभी शेलट या दोन विद्यार्थ्यांनीं २००० च्या नोव्हेंबरपासून २००२ च्या ऑगस्टपर्यंत जुन्या बाजारांतून १५८ वापरलेल्या चकत्या विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालू स्थितींत होत्या, आणि नीट पुसलेल्या केवळ १२ निघाल्या. उरलेल्यांत पत्रें, वैद्यकीय मजकूर आणि पांच हजारांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक सांपडले. त्यांचा निबंध २००३ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला. चकत्या विकणारांत निष्काळजी लोक होते तसे काळजीवाहूही होते. आपण पुसलें आहे अशी त्यांपैकीं पुष्कळांची प्रामाणिक समजूत होती.

यावर तोड काय? १९९६ च्या जुलै महिन्यांत कॅलिफोर्नियांत भरलेल्या एका परिषदेंत या प्रश्नाचीं दोन उत्तरें मांडलीं गेलीं. पहिलें न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या पीटर गुटमन याचें. चुंबकीय चकतीवर निरनिराळ्या नमुन्यांचे आंकडे ३५ वेळां फिरवून लिहावे, म्हणजे जुन्या लेखाचा मागमूस राहणार नाहीं, असें त्यानें सांगितलें. हे ३५ नमुने त्या वेळच्या सर्व जातींच्या चकत्यांसाठीं मिळून होते. कोणत्याही एका चकतीला ते सर्वच्या सर्व लागत नव्हते. पण लोकांनीं ३५ हा आंकडा जपसंख्येसारखा धरला, आणि हा प्रकार मंत्रतंत्रासारखा झाला आहे अशी तक्रार पुढें खुद्द गुटमनलाच करावी लागली. दुसरें उत्तर डॅन बोनेह व रिचर्ड लिप्टन यांचें. त्यांनीं विचारलें कीं, मजकूर पुसण्याचा खटाटोप करावाच कशाला? मजकूर सांठवितांनाच तो गूढलिपींत सांठवावा, आणि नको झाला म्हणजे ती लिपि उलगडणारी लहानशी किल्ली तेवढी नष्ट करावी. मागें उरेल तो अर्थहीन चिन्हांचा ढीग.

मराठी वाचकाला ही कल्पना समजण्यास अवघड पडूं नये. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतले मोडी कागदांचे रुमाल ज्याला मोडी येत नाहीं त्याच्यापुढें उलगडून ठेवले तरी तो त्यांतलें अवाक्षर वाचूं शकत नाहीं. भेद इतकाच कीं, मोडी शिकतां येते. गूढलिपीची किल्ली शिकतां येत नाहीं. आयफोनांत सांठवणीसाठीं वापरली जाणारी किल्ली २५६ द्विमान अंकांची असते. अशा ज्या किल्ल्या संभवतात त्यांची संख्या दशमान पद्धतीनें लिहिली तर ती ७८ अंकी भरते. अंदाजानें ती किल्ली शोधूं म्हणणाराला मनुष्याचें आयुष्य काय, पृथ्वीचें आयुष्यही पुरणार नाहीं.

फोनांच्या युगांत हें दुसरें उत्तरच विजयी झालें, आणि त्याचें कारण फोनाच्या स्मरणशक्तीच्या घडणींत आहे. फोनांत चकती नसते. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्यानें १९८० नंतरच्या दशकांत ज्या 'फ्लॅश' स्मृतीचा शोध लाविला ती त्यांत असते. या स्मृतीच्या प्रत्येक कप्प्याला ठराविक वेळांच पुसणें सोसतें. म्हणून शेतकरी जसा जमिनीची फेरपालट करतो तसें फोनाचें नियंत्रक यंत्र सर्व कप्प्यांची झीज सारखी व्हावी म्हणून नवा मजकूर दरवेळीं निराळ्या कप्प्यांत लिहितें. जुन्या जागेवर ३५ वेळां लिहूं म्हटलें तर तें लेखन भलतीकडेच जातें आणि जुना मजकूर आपल्या जागीं तसाच पडून राहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेंतील संशोधकांनीं २०११ सालीं हें प्रयोगानें दाखविलें. २०१५ सालीं केंब्रिज विद्यापीठांतील लॉरेंट सायमन व रॉस अँडरसन यांनीं पांच कंपन्यांचे २१ वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले. 'फॅक्टरी रीसेट' केल्यानंतरही त्यांतून संदेश, छायाचित्रें आणि खात्यांच्या किल्ल्या परत मिळविता आल्या. असा दोष असलेले फोन जगांत ५० कोटींपर्यंत असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

मात्र हे फोन जुन्या पिढीचे होते. आयफोनांत २००९ च्या नमुन्यापासून सांठवण गूढलिपींत होऊं लागली. अँड्रॉइडनें २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून पुरेशा ताकदीच्या नव्या फोनांना, आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून सर्वच नव्या फोनांना, ती सक्तीची केली. अशा फोनांत 'सर्व पुसा' हा हुकूम दिला कीं यंत्र प्रथम किल्ली नष्ट करतें. हजारों छायाचित्रें कांहीं मिनिटांत पुसलीं कशीं जातात, याचें नवल करणारांस तें रहस्य येथें सांपडेल.

मजकुराचा प्रश्न असा सुटला तोंच धनीपणाचा प्रश्न उभा राहिला. फोनांच्या चोऱ्या वाढल्या. चोर फोन पुसून विकूं लागले. यावर उपाय म्हणून ॲपल कंपनीनें २०१३ च्या सप्टेंबरांत, आणि गूगलनें २०१५ सालीं अँड्रॉइडच्या ५.१ या आवृत्तींत, अशी योजना केली कीं, फोन पुसला तरी त्याला आपला धनी आठवावा, आणि जुन्या धन्याचा पासवर्ड दिल्याखेरीज नव्या माणसाच्या हातीं तो चालूंच होऊं नये. चोराला हा मोठा अडसर झाला. परंतु प्रामाणिक दात्याकडून मिळालेल्या फोनालाही चोर व साव कळत नाहीं. कोणी सुस्थितींतल्या गृहिणीनें घरीं कामाला येणाऱ्या बाईच्या मुलीला अभ्यासासाठीं टॅब्लेट द्यावा, आणि मुलीनें तो घरीं नेऊन उघडावा तों त्यानें बाईसाहेबांचा पासवर्ड मागावा, असें त्यामुळें घडूं शकतें. २०२० सालीं शाळा घरांतून भरूं लागल्या तेव्हां असले जुने फोन व टॅब्लेट किती घरांना आधार झाले हें सर्वांस ठाऊक आहे. वस्तु हातीं दिली गेली, स्वत्व मात्र दात्यापाशींच राहिलें. 'न मम' हा उच्चार झालाच नाहीं. म्हणून दान अपुरें राहिलें.

याच विषयाची एक बाजू सरकारनेंही हातीं घेतली आहे. प्रत्येक फोनाला आय. एम. ई. आय. नांवाचा १५ अंकी क्रमांक असतो, आणि कितीही पुसलें तरी तो जात नाहीं. तो तांब्यावर कोरलेल्या नांवासारखा आहे. हरवलेल्या व चोरलेल्या फोनांचे हे क्रमांक बंद करणारी केंद्रीय नोंदवही २०१९ च्या सप्टेंबरांत प्रथम महाराष्ट्रांत सुरू झाली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत 'संचार साथी' या नांवाखालीं ती सर्व देशाला खुली झाली. जुना फोन घेणारानें हा क्रमांक तेथें पडताळून पाहावा, आणि देणारानें खरेदीची पावती फोनाबरोबर द्यावी, हें दोघांच्याही हिताचें आहे.

आतां या साऱ्या इतिहासाचें सार व्यवहारांत उतरवूं. पहिलें काम निवडीचें. जें ठेवावयाचें तें आधीं दुसरीकडे उतरवून घ्यावें, आणि तें खरोखर उतरलें आहे हें उघडून पाहावें. व्हॉट्सॲपचीं संभाषणें, बँकेचीं व पैसे देण्याघेण्याचीं ॲपें, आणि खात्यांत शिरण्यासाठीं तात्पुरते आंकडे देणारें ॲप, हीं नव्या फोनावर चालूं झाल्याशिवाय जुन्याला हात लावूं नये. दुसरें काम धनीपण सोडण्याचें. फोनाला जोडलेलें घड्याळ तोडावें, 'फोन शोधा' ही सोय बंद करावी, आणि ॲपलच्या किंवा गूगलच्या खात्यांतून रीतसर बाहेर पडावें. येथें एक सावधगिरी हवी. खात्यांत असतांनाच एकेक छायाचित्र व पत्ता हातानें पुसत बसूं नये. तसें केल्यास दूरच्या सांठ्यांतली प्रतही त्याबरोबर पुसली जाते. तिसरें काम सिम कार्ड व स्मृतिकार्ड काढून घेण्याचें. स्मृतिकार्डावरील मजकूर बहुधा गूढलिपींत नसतो, म्हणून तें कोणाला देऊंच नये हें उत्तम. छापील सिमऐवजीं फोनाच्या आंत ई-सिम असेल तर तें काढण्यास विसरूं नये. सर्वांत शेवटीं 'सर्व पुसा' हा हुकूम. फोन फार जुना असून त्यांतील सांठवण गूढलिपींत नसेल, तर सेटिंग्जमध्यें ती आधीं तशी करून घ्यावी आणि मग पुसावें. स्वागताचा पडदा दिसला म्हणजे तेथेंच थांबावें. पुढचें नव्या धन्यानें करावयाचें. बंद पडलेला फोन मात्र असा पुसतां येत नाहीं. तो ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. हातोड्यानें फोडण्याचा विचार करूं नये, कारण आंतली लिथियमची बॅटरी पेट घेते.

हा क्रम सांगितल्यावर एक आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंकडून येईल. इतिहासकार जगतो तो लोकांनीं न पुसलेल्या, किंवा नीट न पुसलेल्या, गोष्टींवर. तिबुल्लुसानें पाटी जाळली असती तर रोमन लंडनच्या व्यापाराचें एक पान आपणांस मिळालें नसतें. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड छापले, ते तत्कालीन कारकुनांनीं कागद जपले म्हणूनच. सर्वांनींच किल्ल्या नष्ट करण्याचा सपाटा लाविला तर तीनशें वर्षांनीं आमच्या काळाचा इतिहास कोण व कशावरून लिहील?

आक्षेप खरा आहे, आणि आम्हांस तो बोंचतोही. तथापि त्याचें उत्तर निष्काळजीपणा हें नव्हे. बाजारांत गेलेल्या फोनांतला मजकूर इतिहासकाराच्या हातीं लागण्यापूर्वीं ठकाच्या हातीं लागतो, आणि त्याला तीनशें वर्षें थांबावें लागत नाहीं. शिवाय त्या मजकुरापैकीं पुष्कळसा आपला नव्हेच. मैत्रिणीनें विश्वासानें सांगितलेलें दुःख, भावानें पाठविलेला रोगाचा कागद, विद्यार्थ्यानें मागितलेली मदत, हें सर्व आपल्याजवळ ठेवींसारखें आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २०१७ च्या ऑगस्टांत दिला, आणि वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला. पण व्यक्तीनें घरगुती कारणासाठीं बाळगलेली माहिती त्या कायद्याच्या बाहेर ठेवलेली आहे. म्हणजे ही ठेव सांभाळण्याचें काम कायद्यानें आपल्या सदसद्विवेकावर सोंपविलें आहे.

आणि जें जपण्याजोगें आहे तें निवडून जपावें. वडिलांचा आवाज, आईनें सांगितलेली पाककृति, मुलीचें पहिलें पत्र, हीं फोनाच्या पोटांत अपघातानें राहूं देण्याच्या योग्यतेचीं नाहींत. तीं काढून, नांवें व तारखा घालून, घरांत दोन ठिकाणीं ठेवावयाचीं आहेत. माणूस गेल्यावर त्याचा फोन कुलुपबंद राहतो, आणि घरच्यांच्या अंदाजी प्रयत्नांनीं उघडत तर नाहींच. उलट कांहीं फोनांत ठराविक चुकांनंतर सर्व पुसलें जातें. यासाठीं गूगलनें २०१३ सालीं आणि ॲपलनें २०२१ सालीं आपल्या पश्चात् खात्यांतील मजकूर विश्वासू माणसास मिळावा अशी सोय केली आहे. मृत्युपत्र करणाऱ्या वाचकांनीं हेंही काम त्याच बैठकींत उरकावें.

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं कपाटाच्या खणांत एखादा जुना फोन पडून असेल. तो कोणाला द्यावयाचा तर द्यावाच. चालती वस्तु गंजत ठेवण्यांत शहाणपण नाहीं, आणि कोणाच्या तरी मुलाचा त्यावर अभ्यास होईल. मात्र एके रविवारीं घरच्या सर्वांनीं एकत्र बसून त्यांतलें काय ठेवावयाचें हें आधीं ठरवावें, तें काढून घ्यावें, खात्यांतून बाहेर पडावें, आणि मगच पाटी पुसून नव्या धन्याच्या हातीं द्यावी.